टाळूच्या वरचा मजला

‘दात पुढे आलेत, तार लावायची’ म्हणून मुलाला आणलेलं असतं. मी आधी विचारते, रात्री घोरतो का? आई बुचकळ्यात पडते. मग एकेक निघतं: तोंड उघडं टाकून झोपतो, उशी लाळेनं ओली, अंथरूणभर लोळतो, सकाळी उठता उठत नाही. ‘अगदी बाबांसारखा घोरतो हो’, हे वर कौतुकानं!

आ करायला लावून आरशानं बघितलं की टाळू अरुंद आणि खोल दिसतो. वरच्या दाढा खालच्यांच्या आत चावतात. हा टाळू म्हणजे नाकाची जमीन. खालची खोली अरुंद, तर वरच्या मजल्याला ऐसपैस जागा कुठून मिळणार? नाकानं श्वास घेणाऱ्या मुलाची जीभ टाळूला टेकलेली असते आणि जबड्याला आतून आधार देते. नाकामागचे अ‍ॅडिनॉइड्स वाढले की तोंड उघडतं, जीभ खाली उतरते आणि गालांचा दाब तेवढा उरतो.

अमेरिकेत संशोधक एगिल हार्वोल्ड यांनी माकडांच्या नाकपुड्या बंद करून पाहिल्या. दातांची ठेवण बिघडली, पण प्रत्येक माकडाची निराळ्या तऱ्हेनं. म्हणून नुसते दात बघून श्वासाचं निदान मी करत नाही. वाकड्या दातांची कितीतरी मुलं रात्री छान झोपतात, आणि सरळ दातांची काही घोरतात.

रोज घोरणारं मूल मी आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे धाडते. स्लीप स्टडीत मोठ्या माणसाचा श्वास तासाला 5 वेळा अडेपर्यंत चालवून घेतात. मुलाचा एकाहून जास्त वेळा अडला तरी तो आजार धरतात. टॉन्सिल्स-अ‍ॅडिनॉइड्स सुजलेले असतील तर बहुतेकदा तेच आधी काढावे लागतात. जबडा रुंद करून घोरणं घालवून देतो म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. जबडा खरोखर अरुंद असेल, तरच मी त्याला हात घालते. त्यानं श्वासही सुधारला तर आनंदच.

टाळूच्या मधला सांधा वयात येताना घट्ट होत जातो, त्याआधी जबडा रुंद करणारा स्क्रू टाळूला बसवायचा. घरी आईनं चावी फिरवायची, एका वेळी पाव मिलिमीटर. काही दिवसांत पुढच्या दोन दातांत फट पडते आणि घाबरून फोन येतो. ती फट पुढे बहुधा आपोआप मिटते. फट पडलीच नाही, तर मात्र लगेच या, असं मी आधीच बजावून ठेवते.