जाड अक्षराचा स्वर

अक्षर लेखणीने लिहिले काय किंवा छिन्नीने कोरले काय, ते पांढरे असो वा काळे, त्याच्या अर्थात त्यामुळे काही फरक पडत नाही, असे प्रतिपादन सोस्यूरच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत आढळते. भाषाव्यवस्थेपुरते ते ग्राह्यच आहे. एक अक्षर दुसऱ्यापासून वेगळे ओळखता आले की व्यवस्थेचे काम भागते. परंतु वाचन हा केवळ व्यवस्थेशी होणारा व्यवहार नव्हे. भिंतीवरची जाहिरात दुरून दिसते तेव्हा तिच्यातील शब्द कळण्यापूर्वीच तिचा स्वर वाचकापर्यंत पोचलेला असतो. हा स्वर कोठून येतो, हा प्रश्न 'कूपर ब्लॅक' या ठळक टाइपाच्या संदर्भात विशेष स्पष्टपणे मांडता येतो.

ऑस्वल्ड ब्रूस कूपर (१८७९–१९४०) हा ओहायोत जन्मलेला, कॅन्ससमध्ये वाढलेला अक्षरकार. शिकागोतील एका चित्रशाळेत फ्रेडरिक गाउडीच्या हाताखाली तो अक्षरलेखन शिकला आणि १९०४ साली भागीदारीत जाहिरातींच्या मांडणीचा व्यवसाय करू लागला. १९२२ साली बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या तेथल्याच टाइप फाउंड्रीने त्याचा 'कूपर ब्लॅक' बाजारात आणला. जाहिरात-व्यवसायाच्या त्या भरभराटीच्या काळात हा टाइप इतका खपला की, १९२५ साली खुद्द गाउडीला त्याच्या तोडीचा एक जाड टाइप मोनोटाइप कंपनीसाठी करावा लागला. गुरूने शिष्याच्या वाटेने जावे, हा बाजारपेठेचा न्याय.

या टाइपाचे वैशिष्ट्य केवळ जाडीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये भित्तिपत्रकांसाठी जे अतिजाड टाइप निघाले, त्यांत उभे दांडे खांबासारखे रुंद, तर सेरिफ केसासारखे बारीक असत. सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या टोकांना फुटलेली लहान पावले. देवनागरीच्या शिरोरेखेप्रमाणे ती अक्षरांना एकमेकांशी बांधत नाहीत, तर प्रत्येक अक्षराला स्वतंत्रपणे उभे करतात. लंडनच्या त्या टाइपांत जाड आणि बारीक यांचा हा विरोध तीव्र होता. त्यांचा स्वर आरोळीचा होता. कूपरने जाडी ठेवली, विरोध मात्र मावळवला. त्याचे सेरिफ गोलसर आहेत, कोपरे झिजल्यासारखे आहेत, अक्षरांच्या पोटातील पांढरी जागा अगदी थोडी आहे आणि 'ओ'मधील पोकळी किंचित मागे कललेली आहे. तळाला धारदार सरळ रेषा नसल्याने जुळणीतील बारीकसे वरखाली होणेही डोळ्यांना खुपत नाही. एवढे काळेपण अंगावर घेऊनही हे अक्षर धमकावीत नाही. मोठा आवाज आणि मृदू स्वर यांचे असे सहअस्तित्व हीच त्याची खरी निर्मिती होय.

१९३० साली बिआट्रिस वॉर्ड हिने लंडनमधील एका व्याख्यानात उत्तम मुद्रणाला स्फटिकाच्या पारदर्शक पेल्याची उपमा दिली. मद्याचा रंग दिसावा, पेला दिसू नये, असा तिचा आग्रह. ग्रंथमुद्रणाच्या बाबतीत तो सार्थ आहे. तथापि या उपमेत एक गृहीतक दडलेले आहे: आशय आधीच सिद्ध असतो, अक्षर त्याला फक्त वाहून नेते. सोस्यूर ज्याला नगण्य ठरवतो, त्याला वॉर्ड अदृश्य व्हावयास सांगते. भूमिका भिन्न असल्या तरी अक्षराचा देह दोघांनाही अर्थाबाहेरचा वाटतो.

कूपर ब्लॅकचा पुढील प्रवास या गृहीतकाला छेद देतो. १९६६ साली बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तो तारुण्यातील हळवेपणाचा वाहक झाला. १९६८ साली बीबीसीच्या 'डॅड्स आर्मी' या मालिकेच्या शीर्षकांत तोच दुसऱ्या महायुद्धकाळातील वृद्ध गृहरक्षकांच्या प्रेमळ थट्टेचा भाग बनला. १९९५ साली स्थापन झालेल्या ईझीजेट या विमानकंपनीच्या नावात त्याने स्वस्ताईला आपलेपणा दिला. तीन प्रसंगी तीन सूचितार्थ. म्हणजे अर्थ आकारात कायमचा गोठलेला नाही, उपयोगातून तो साचत जातो. परंतु म्हणून आकार निष्क्रिय ठरत नाही. या तिन्ही अर्थांना समान असलेला ऊबदारपणा त्या गोलसर टोकांतूनच येतो. न्यायालयाच्या निकालपत्रावर हा टाइप वापरला, तर शब्द तेच राहूनही निकालाचे गांभीर्य ढळेल.

साहित्यसमीक्षेला यातून घेण्याजोगा बोध आहे. संहितेची चर्चा करताना ती कोणत्या अक्षरात उभी होती, याची नोंद समीक्षक क्वचितच घेतो. कवितेची दुसरी आवृत्ती वेगळ्या टाइपात निघाली तर पाठभेद शून्य मानला जातो, पण वाचकाने ऐकलेला स्वर बदललेला असू शकतो. शैलीचा विचार शब्दापाशी सुरू होतो, असे मानण्याची सवय इतकी दृढ आहे की, शब्दाआधी काही वाचले जाते हेच विस्मरणात गेले आहे. कूपरचे चरित्र माहीत असणारे थोडे, पण त्याचा स्वर ओळखणारे असंख्य आहेत. आणि त्यांतील बहुतेकांना, आपण शब्दाखेरीज आणखीही काही वाचत आहोत, याची जाणीव नाही.