आकडा येतो कुठून?

भूविज्ञान शिकवताना मी वर्षानुवर्षं एक गोष्ट ठासून सांगत आले: विहिरीत उपकरण सोडून मोजलं ते खरं, संगणकावर मांडला तो अंदाज. आज मी तसं सांगत नाही. माझं मत बदललं ते गॅस हायड्रेटमुळे.

रायपूरला बसून समुद्राच्या तळाशी काय काम, असं लोक विचारतात. पण महानदीचा उगम इथून जवळच, धमतरी जिल्ह्यातल्या सिहावाच्या डोंगरात. लाखो वर्षं तिने बंगालच्या उपसागरात गाळ ओतला आणि गाळाबरोबर पालापाचोळाही. तळाखालच्या, प्राणवायू नसलेल्या चिखलात सूक्ष्मजीव अशा सेंद्रिय द्रव्यापासून मिथेन तयार करतात. वर शेकडो मीटर पाण्याचा दाब आणि तळाशी कडाक्याची थंडी असली, की पाण्याचे रेणू मिथेनभोवती पिंजरा बांधतात. सर्वांत लहान पिंजऱ्याला बारा पंचकोनी बाजू, त्यात पाण्याचे वीस रेणू आणि मध्ये कोंडलेला एक मिथेन. दिसायला बर्फच, पण एक घनमीटर वितळला तर सुमारे १६४ घनमीटर वायू सुटतो. २००६ साली राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमासाठी ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ जहाजाने समुद्रतळात विहिरी खणल्या, तेव्हा कृष्णा-गोदावरी आणि अंदमानबरोबर आमच्या महानदीच्या सागरी खोऱ्यातही हायड्रेट असल्याचं सिद्ध झालं. केरळ-कोकण किनाऱ्यावर मात्र ते मिळालं नाही.

माझ्या मताला धक्का बसला तो कृष्णा-गोदावरीतल्या दहाव्या ठिकाणी. तिथे हायड्रेटचा थर १२८ मीटर जाडीचा. हायड्रेटमधून वीज वाहत नाही, खाऱ्या पाण्यातून वाहते. म्हणून विहिरीतला विद्युतरोध मोजायचा आणि त्यावरून मातीच्या पोकळ्या किती भरल्यात ते काढायचं, ही आमची नेहमीची रीत. तिथे या रीतीने आकडा फार मोठा आला. मी तो बिनदिक्कत फळ्यावर लिहिला असता.

पण काही नमुने समुद्रतळावरच्याच दाबाखाली वर आणून, नळकांड्यातच ठेवून त्यांची क्ष-किरण चित्रं घेतली होती. चित्रांत हायड्रेट चिकणमातीच्या पोकळ्यांत सारखं पसरलेलं नव्हतंच. ते उभ्या-तिरप्या शिरांत आणि गाठींत साठलं होतं. आमच्याकडच्या चुनखडीच्या खाणीत कॅल्साइटच्या पांढऱ्या शिरा ज्याने पाहिल्यात, त्याला हे चित्र लगेच समजेल. वीज आडवी जाऊ लागली की प्रत्येक उभी शीर तिची वाट अडवते. रोध फुगतो आणि त्याबरोबर हायड्रेटचा हिशोबही. दाब सोडून त्या नमुन्यांतला वायू मोजला, तर हायड्रेट बरंच कमी भरलं. शिरा उभ्या आहेत असं धरून गणित पुन्हा केलं, तेव्हा दोन्ही उत्तरं जवळ आली.

ज्याला मी निखळ मोजमाप म्हणत होते, त्याच्या पोटातच एक प्रारूप बसलेलं होतं. हायड्रेट सगळीकडे सारखं पसरलंय हे कुणी पाहिलेलं नव्हतं. ते गृहीत धरलेलं होतं, आणि मी ते वर्गात कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

मग मी सिम्युलेशनकडे नव्याने पाहू लागले. २००९ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सच्या संशोधकांनी संगणकावर पाण्याचे आणि मिथेनचे रेणू काही मायक्रोसेकंद चालवले, आणि पिंजरे आपोआप जुळताना दिसले. पहिली गुठळी नीटस स्फटिकाची नव्हती, तिच्यात दोन रचनांची सरमिसळ होती. इतका लहान आणि इतका क्षणिक जन्म नमुन्याच्या क्ष-किरण चित्रात सापडणार कुठून? अर्थात त्या संगणकी डबीत चिकणमाती नाही, महानदीचा गाळ नाही, आणि रेणूही मोजकेच. पण काय धरलं आणि काय सोडलं हे तिथे पहिल्या पानावरच मांडावं लागतं. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

घराच्या गच्चीवर रोज काळी धूळ झाडणाऱ्या या शहरात ‘समुद्राखाली अफाट वायू’ अशी बातमी आली की स्वच्छ इंधनाची आशा वाटते, मलाही वाटते. म्हणूनच साठ्याचा आकडा कसा काढला हे विद्यार्थ्यांना कळायला हवं. आता विद्युतरोधाचा आलेख वर्गात लावण्याआधी मी त्यांना क्ष-किरण चित्र दाखवते, आणि या शिरांमधून वीज कशी जाईल ते वहीत काढायला सांगते. सूत्र त्यानंतर.