बोलू नका, असं सांगितलं तेव्हा

मैत्रिणींनो, बायकांनी तीन आठवडे गप्प बसायचं, ही कल्पनाच तुम्हांला हसू आणील. आमच्याकडेही सगळे हसले. पण साठ मुलांच्या वर्गात ओरडून ओरडून माझ्या स्वरयंत्रावर बारीक गाठी आल्या होत्या आणि डॉक्टरांनी ताकीदच दिली, एक शब्द बोलायचा नाही! कामं काय, खुणांनी होतात हो. रात्री लेक गाणं म्हण म्हणून हट्ट करी, तेव्हा मात्र मी भिंतीकडे तोंड करून थोपटायची.

त्या दिवसांत भाऊजींनी मला चार्ली हेडनचा डबल बेस ऐकवला. डबल बेस म्हणजे माणसाहून उंच, व्हायोलिनच्या घाटाचं वाद्य. जाझमध्ये ते बहुधा बोटांनी तारा छेडून वाजवतात. आपल्या जुन्या चित्रपटगीतांतही ते मागे घुमत असतं, पण आपलं लक्ष असतं गाणारीकडे!

हा हेडन अमेरिकेतला, जन्म 1937 चा. दोन वर्षांचाही नव्हता, तेव्हापासून घरच्यांबरोबर रेडिओवर गायचा. पंधराव्या वर्षी पोलिओ झाला, घशावर परिणाम झाला आणि गाणं सुटलं. मोठ्या भावाचा बेस घरात होताच.

हे कळल्यावर मी त्याच्या ध्वनिमुद्रिका निराळ्या कानांनी ऐकू लागले. 1959 ची ‘द शेप ऑफ जाझ टु कम’ जाणकार फार मानतात. खरं सांगू? मला ती जरा कर्कश वाटली. पण तिच्यातल्या ‘लोनली वुमन’च्या आरंभी बेस असा घुमतो, की तानपुराच लागलाय जणू. हँक जोन्सच्या पियानोबरोबरची 1995 ची ‘स्टील अवे’ मात्र ऐकाच. त्यात प्रार्थना आणि लोकगीतं आहेत, घाई कशाचीच नाही. पॅट मेथेनीच्या गिटारबरोबरची 1997 ची ‘बियाँड द मिझुरी स्काय’ मी रात्री लेकीसाठी लावायची. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला ती झोपलेली असे. मीच जागी!

आणि मग 1999 ची ‘द आर्ट ऑफ द साँग’. तिच्यात साठी उलटलेला हेडन स्वतः एक लोकगीत गातो. 2008 च्या ‘रॅम्बलिंग बॉय’मध्ये बायको, तिळ्या मुली, मुलगा, सगळं घर गायलंय आणि शेवटी तो गातो ‘शेनँडोआ’. त्याच्या जन्मगावाचं नावही तेच, बरं का. आवाज बारीक, थकलेला, सांभाळून टाकलेल्या पावलांसारखा. सुरेख म्हणवणार नाही. पण भाजी निवडता निवडता माझे हात थांबले. 2014 साली तो गेला.

माझा आवाज परत आलाय, पण वरचे सुर लागत नाहीत. परवा लेकीला अंगाई म्हटली, दोन पट्ट्या खाली. म्हणाली, “आई, हे बाबांचं गाणं वाटतं.” आणि कुशीत शिरून झोपली.