खारं पाणी, गोड टोमॅटो

उसाला पाणी पाजून पाजून शिरोळ तालुक्यातलं आमचं रान क्षारपड झालं, म्हणून दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये कोकोपीटच्या पिशव्यांत टोमॅटो लावला. माती सुटली, पण पाणी त्याच विहिरीचं. नुसत्या पाण्याचाच ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, 1.6; त्यात खतं विरघळली की मीटर साडेतीनच्या वर.

झाडं हिरवीगार, जरा ठेंगणी. घोसातली फळं मोजली तर नेहमीएवढीच, क्रेट मात्र भरता भरेना. क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणं जड जातं आणि टोमॅटोत तर 94-95 टक्के पाणीच. त्यामुळे पहिला फटका आकाराला बसतो. फळांची संख्या घटते ती ईसी आणखी चढल्यावर.

चव मात्र अशी, की पोरं क्रेटमधूनच उचलून खायची. एरवी 4-5 दाखवणारा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, 6 च्या पुढे गेला होता. फळात पाणी कमी, म्हणून साखर आणि आम्ल दोन्ही दाट. जपानात यात्सुशिरोला समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवरचा असाच बारका टोमॅटो ‘मीठ-टोमॅटो’ म्हणून चढ्या भावाने विकतात. आमच्याकडच्या व्यापाऱ्याने एक फोड खाल्ली, मान डोलावली आणि म्हणाला, “दादा, गोडी काट्यावर चढत नाही.” त्याचंही खोटं नव्हतं.

उन्हाळ्यात फळांच्या बुडाला काळे, चामड्यासारखे डाग पडू लागले. टाकीत कॅल्शियम भरपूर होतं, पण ते पाण्याच्या ओढीबरोबर चालतं. ही ओढ पानांना जास्त, फळाला कमी. त्यात क्षारांनी पाणीच अडवलेलं. अशा वेळी कॅल्शियम नायट्रेट वाढवलं तर ईसी आणखी चढतो. उपाय पाण्यातच होता. पॉलिहाऊसच्या छताचं पाणी शेततळ्यात वळवलं. दहा गुंठ्यांवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की जवळपास लाखभर लिटर पाणी मिळतं. ते विहिरीच्या पाण्यात मिसळलं, पिशव्यांतून निचराही वाढवला, म्हणजे सोडियम साचत नाही. डाग बरेच कमी झाले.

मीटरला खत आणि मीठ यांतला फरक कळत नाही, हे ध्यानात ठेवा. पिशव्यांची ऑर्डर देण्याआधी पाण्यातलं सोडियम आणि क्लोराइड प्रयोगशाळेत तपासून घ्या. माल किलोवर जाणार असेल तर ईसी तीनच्या आत ठेवा. चवीचे पैसे देणारं गिऱ्हाईक हाताशी असेल, तरच खाऱ्या पाण्यावर चेरी टोमॅटो लावा.