सहा पावलं, आठ मात्रा

अमरावती-मुंबई एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते आणि मूर्तिजापूर येईपर्यंत बाकांवर जेवणाचे डबे उघडू लागतात. समोर अकोल्याला उतरणारे एक आजोबा होते. मी दादरला साल्सा शिकायला चाललोय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘नाच शिकाले इतक्या दूर? कोनता नाच हाय बापा थो?’’ जोडीनं करायचा, तिकडे क्युबाकडचा, असं सांगितलं. आजोबांचा चेहरा खुलला. ‘‘म्हन्जे आपल्या भगवानदादाचा!’’

आजोबांचा हक्क रास्त होता. भगवान आभाजी पालव यांचा जन्म १९१३ चा, अमरावतीचा, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत सापडते. वडील गिरणी कामगार, त्यामुळे आयुष्य गेलं मुंबईत. १९५१ साली आलेल्या ‘अलबेला’चे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक तेच होते. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचं. ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो घुमतो आणि भगवानदादा फारसे न उडता, गुडघे सैल सोडून, छोट्या पावलांनी गीता बालीसमोर डोलतात. तेव्हा ‘साल्सा’ हे नाव रूढही नव्हतं. रुंबा आणि तिच्या क्युबन भावंडांचे ताल मुंबईत पोचले ते रेकॉर्डमधून, हॉटेलांतल्या बँडमधून आणि गोव्याच्या वादकांच्या हातून. अल्डोन्याचे चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, हे ट्रम्पेटवादक सी. रामचंद्रांच्या सोबतीला होते. त्याआधी १९५० च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ हे गाणं लंडनमध्ये बँड चालवणाऱ्या एडमंडो रॉसच्या एका धूनवरून बेतलेलं.

पहाटे दादरला उतरलो. फुलबाजार केव्हाच जागा झाला होता.

वर्ग संध्याकाळी, एका जुन्या इमारतीतल्या हॉलमध्ये. आरसे, पंखे, एक स्पीकर. आलेल्यांत पाळी संपवून आलेली परिचारिका होती, बँकेतले दोन तरुण होते आणि साठी ओलांडलेलं एक जोडपं. शिकवणाऱ्या बाईंनी संगीत न लावताच पाय मांडायला लावले. साल्सा आठ मात्रांत चालतो, पण पावलं सहाच. पहिल्या मात्रेला पुरुषाचा डावा पाय पुढे, दुसऱ्याला वजन उजव्यावर, तिसऱ्याला डावा परत जागेवर, चौथी मोकळी. पाचवीला उजवा मागे, सहावीला वजन डाव्यावर, सातवीला उजवा जागेवर, आठवी मोकळी. स्त्री हेच आरशातल्यासारखं करते: तो पुढे आला की ती मागे. पाऊल एका वितीपेक्षा मोठं नको. कंबर मुद्दाम हलवायची नाही. वजन नीट एका पायावरून दुसऱ्यावर गेलं आणि गुडघा वाकला की ती आपोआप हलते.

साठीतल्या काकांना मोकळ्या मात्रा जमेनात. चौथ्याला पाय पुढे पडायचाच. ते तबला शिकलेले आहेत हे काकूंनी सांगताच बाई म्हणाल्या, ‘‘काका, मग केरवा म्हणा ना.’’ धा गे ना ति, न क धि न. ‘ति’ला थांबायचं, शेवटच्या ‘न’ला थांबायचं. काकांनी तोंडानं बोल धरले आणि दोन आवर्तनांत पाय बसला. वर्गातला हा सर्वांत सुंदर क्षण. आठ मात्रा मराठी माणसाच्या अंगात आहेतच. शाळेत लेझीमचे ‘आठ आवाज’ केलेल्या कुणालाही त्या परक्या वाटू नयेत.

वेगळं आहे ते वजनाचं गणित. क्युबन संगीताचा कणा म्हणजे क्लाव्हे, दोन लाकडी दांड्यांवर वाजणारे पाच ठोके. तीन-दोनच्या क्लाव्हेत चौथ्या मात्रेवर, जिथे पाय थांबतो, तिथेच ठोका पडतो. म्हणजे ती जागा रिकामी नाहीच, तिथे नाचणाऱ्यानं ऐकायचं असतं. पूर्व क्युबातलं ‘सोन’, मग माम्बो, असं करत हे संगीत न्यूयॉर्कच्या पोर्तोरिकन वस्त्यांत वाढलं. १९६४ मध्ये जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि पुढच्या दशकात ‘साल्सा’ हे नाव जगभर गेलं. कष्टकऱ्यांच्या वस्तीतला हा नाच आहे. गिरणी कामगाराच्या मुलाला असले ताल इतके सहज मानवले, याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी भगवानदादांच्या आठवणीनं परळच्या बाजूला पायी फिरलो. वैभवाच्या काळात त्यांचा जुहूला बंगला होता, मोटारींचा ताफा होता. सगळं गेल्यावर ते पुन्हा चाळीत राहायला आले आणि ४ फेब्रुवारी २००२ रोजी वारले. २०१६ मध्ये मंगेश देसाई यांनी ‘एक अलबेला’त त्यांना पडद्यावर उभं केलं.

अमरावती-अकोल्यात ज्यांना हा नाच शिकायचा असेल त्यांनी मेरेंगे या नाचापासून सुरुवात करावी. त्यात प्रत्येक मात्रेला एक पाऊल, थांबणं नाही. मग साल्साची सहा पावलं घरच्या फरशीवर, बोल म्हणत, पक्की करावीत. गिरक्यांची घाई करू नये. आणि वर्गाला जाण्याआधी ‘अलबेला’ एकदा जरूर पाहावा, तोही भगवानदादांच्या पायांकडे लक्ष ठेवून.