खाऱ्या पाण्यावरचा बाण

समुद्राकाठच्या लोखंडाला एक वास असतो. खिडकीचे गज, सायकलची साखळी, धक्क्यावरचे जुने नांगर, साऱ्यांना खारा वारा हळूहळू चाटत राहतो आणि मग पावसाळी संध्याकाळी तो वास अंगणापर्यंत येतो. सॅन डिएगोच्या बाल्बोआ पार्कात, हवाई संग्रहालयाच्या दारापुढे खांबावर पेललेलं ‘सी डार्ट’ पाहताना मला तोच वास आठवला. हे लढाऊ जेट विमान समुद्रावरूनच उडायचं आणि समुद्रावरच उतरायचं. त्रिकोणी पंख, निमुळतं नाक आणि हवा ओढणारी तोंडं थेट पाठीवर, उसळलेले तुषार इंजिनात शिरू नयेत म्हणून.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाला एक शंका छळत होती. ध्वनीहून वेगवान विमानं जहाजाच्या आखूड डेकवर उतरतील कशी? कॉन्व्हेअर कंपनीच्या अभियंत्यांना वाटलं, एवढा सागर समोर पसरलेला असताना डेक हवाच कशाला! पण नावेसारखं अवजड पोट दिलं तर वेग मरतो. म्हणून त्यांनी पोटाखालून बाहेर येणाऱ्या स्की बसवल्या. थांबलेलं असताना सी डार्ट पंखांची मागची कड पाण्याला टेकवून तरंगे, आणि वेग घेतला की त्या स्कींवर उभं राहून धावू लागे.

तळ्यावर फेकलेला चपटा दगड उड्या मारत जातो तेव्हा काठावरून तो किती अलगद वाटतो. दगडाला मात्र प्रत्येक उडीचा घाव बसतच असणार. वेग वाढला की पाणी मऊ राहत नाही. स्की लाटांवर आदळत, सगळा सांगाडा थरथरे, आणि तो थरकाप शमवण्यात अभियंत्यांची वर्षं गेली. १४ जानेवारी १९५३ रोजी वैमानिक सॅम शॅनन सॅन डिएगोच्या उपसागरात ते नुसतं वेगानं पळवून पाहत होता, तर ते आपणहून पाण्यावेगळं झालं आणि जरा पुढे जाऊन पुन्हा टेकलं. ठरवून केलेलं पहिलं उड्डाण एप्रिलमध्ये झालं, पण माझा जीव त्या अनाहूत उडीतच अधिक गुंततो.

३ ऑगस्ट १९५४ ला वैमानिक चार्ल्स रिचबर्गनं उतरत्या झेपेत ध्वनीची वेस ओलांडली. पाण्यावरून उडणाऱ्या दुसऱ्या कुठल्याच विमानाला हे आजवर साधलेलं नाही. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला, नौदलाचे अधिकारी आणि पत्रकार पाहत असताना, त्याच उपसागरावर त्याचं विमान हवेतच फुटलं. रिचबर्ग वाचला नाही. याविषयी अधिक लिहायला हात धजत नाही.

तोवर मूळ शंकाच विरली होती. तिरका डेक आणि विमान भिरकावणारं वाफेचं कॅटापल्ट या ब्रिटिश कल्पनांनी वेगवान विमानांना जहाजं मोकळी करून दिली. १९५७ च्या सुमारास चाचण्या थांबल्या. पाच विमानं बांधली गेली, उडाली तीनच, हरपलं एक. उरलेली चारही आज आहेत: हे इथलं, एक पेनसिल्व्हेनियात, एक फ्लोरिडात आणि एक स्मिथसोनियनच्या संग्रहात.

आणि मग मन नकळत आपल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेकडे वळतं. १९७१ च्या युद्धात लढलेली, पुढे काही वर्षं मुंबईच्या पाण्यात संग्रहालय होऊन उभी राहिलेली ती नौका २०१४ मध्ये विकली गेली आणि मुंबईच्याच दारूखाना भागात तोडली गेली. जे राबतं ते झिजतं, त्याचा सांभाळ महाग होत जातो. जे कधी राबलंच नाही त्याला जपायला जागा सापडते. हा न्याय आहे की अन्याय, मला ठरवता येत नाही. सी डार्टवर माझा राग नाही. ‘विक्रांत’साठी आतून तुटतं, तरी या चार विमानांपैकी एकही मोडीत जावं असं वाटत नाही.

१९६२ मध्ये अमेरिकी सैन्यानं आपल्या विमानांची नावं नव्यानं लावली, तेव्हा कधीच सेवेत न आलेल्या या विमानालाही ‘एफ-७’ हा क्रमांक मिळाला. त्या यादीत ते इतर लढाऊ विमानांच्या पंगतीत बसलेलं आहे, आणि मला ते योग्य वाटतं.