भोईवाड्यांतील तालमी

परळच्या भोईवाड्यांत कोणी हवापालटासाठीं जात नाहीं. तेथें जाणाऱ्याच्या हातांत बहुधा एक्स-रेचा लिफाफा असतो, नाहीं तर कोर्टाचें समन्स. जवळच के. ई. एम., थोड्या अंतरावर टाटा रुग्णालय, वाडियांचीं मुलांचें व प्रसूतीचें अशीं दोन रुग्णालयें, आणि या सर्वांच्या मधून वाट काढणारे गर्दीचे रस्ते, असा हा प्रांत. अशा वस्तीचें वर्णन प्रवासलेखांत घालावें हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु शाळेंतून निवृत्त झाल्यापासून मी दादरहून नायगांवमार्गें तेथें पायीं जात असतों, आणि माझें जाणें नेहमीं दिवेलागणीनंतरचें असतें. कारण त्या वेळीं भोईवाड्यांत तालमी सुरू होतात.

तालमी कुस्तीच्या नव्हेत, गाण्याबजावण्याच्या. तालीम या मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण असा आहे. आपण तो आखाड्यास दिला, नाटकास दिला. भोईवाड्यांतील तरुण मंडळी मात्र ‘प्रॅक्टिस’ म्हणतात, आणि त्यांतल्या वृद्धांस तो शब्द आवडत नाहीं. यांपैकीं कोणीहि धंदेवाईक वाजविणारा नाहीं. सर्व हौशी. दिवसा कोणी औषधाच्या दुकानांत उभा, कोणी रुग्णालयांत कक्षसेवक, कोणी घरोघर पार्सलें पोंचविणारा. रात्रीं मात्र टाळकरी, पखवाजी, बेंजोवाले.

भोई म्हणजे पालख्या-मेणे वाहणारे, हें वाचकांस सांगावयास नकोच. त्यांचा धंदाच मुळीं चौघांनीं एका तालावर पाऊल टाकण्याचा. एकाचें पाऊल चुकलें तर आंत बसलेल्याची पगडी पडावयाची! वस्तीस त्यांचें नांव राहिलें आहे, तें या तालमींच्या दृष्टीनें मला फारच समर्पक वाटतें.

याहूनहि जुनी एक साक्ष परळगांवांतच आहे. १९३१ सालीं येथें रस्त्याचें काम चालूं असतां जमिनींतून एक प्रचंड शिल्प निघालें. दहा फुटांहून अधिक उंचीची अखंड शिळा. तींत मध्यभागीं एकावर एक अशीं शिवाचीं तीन रूपें, आणि त्यांच्या दोन्ही अंगांनीं फांद्या फुटाव्या तशीं आणखी चार. काल इसवी सनाचें पांचवें-सहावें शतक. मूळ शिळा बारादेवीच्या देवळांत आहे. तिचा ठसा छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतो. पाहणाऱ्याची दृष्टि साहजिकच वर, त्या भव्य मूर्तींकडे जाते. माझी मात्र प्रत्येक वेळीं खालीं उतरते. शिवाच्या पायांशीं ठेंगणे, पोट सुटलेले गण बसले आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या हातांत वाद्यें आहेत. देवाचें लक्ष त्यांच्याकडे आहे असें दिसत नाहीं, आणि त्यांनाहि त्याची खंत दिसत नाहीं. आपलें वाजविणें चालूं आहे!

आतां ज्या भजनी मंडळांत माझें विशेष जाणेंयेणें आहे, त्याच्या खोलीकडे वळूं. ती एका जुन्या चाळींत तळमजल्यावर आहे. कोंकणांतल्या एका गांवच्या ग्रामस्थांनीं गिरण्यांच्या भरभराटीच्या काळांत ती घेतली. तेव्हां अशा एकेका गाळ्यांत पाळीपाळीनें वीस-वीस, तीस-तीस माणसें झोंपत. पहिली पाळी उठे तेव्हां तिसरी अंग टाकावयास येई. मंडळाचे बुवा तरुणपणीं याच खोलींत राहून गिरणींत जात. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं संप सुरू झाला, त्यांत त्यांची नोकरी गेली ती गेलीच. पुढें भाजीची गाडी लावून त्यांनीं संसार केला. पेटी विकली नाहीं.

एकदां मीं त्यांना पूर्वींच्या तालमींविषयीं विचारलें. ते म्हणाले, “गुरुजी, आमची निम्मी तालीम झोंपलेल्या माणसाच्या उशाशीं झाली. त्याला जाग आली तर समजावें, आपलें कांहीं तरी चुकलें. सुरांत गायलों तर गडी घोरत पडे.” संगीताची परीक्षा घेण्याची ही रीति कोणत्याहि ग्रंथांत माझ्या पाहण्यांत नाहीं.

ग्रंथाचा विषय निघाला म्हणून सांगतों. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पांचव्या अध्यायांत पूर्वरंगाचीं जीं अंगें सांगितलीं आहेत, त्यांतलीं पहिलीं नऊ पडद्याच्या आड करावयाचीं आहेत. वाद्यें मांडणें तो प्रत्याहार, गायकांनीं स्थानापन्न होणें तें अवतरण, गळा मोकळा करणें तो आरंभ, वाद्यें जुळविणें ती आश्रावणा, वादनाचे निरनिराळे प्रकार घोळून घेणें तें वक्त्रपाणि, तारा ताणून पाहणें ती परिघट्टना, चर्मवाद्यावर हात बसविणें ती संघोटना, तंतुवाद्य व चर्मवाद्य एकत्र आणणें तें मार्गासारित, आणि तालाचे पात मोजणें तें आसारित. हे शब्द मी शाळेपासून पाठ म्हणत आलों. पण त्यांतला जिवंतपणा दिसला तो या खोलींत. सतरंजी टाकली जाते, पेटीची चादर निघते. पखवाजाच्या डाव्या तोंडावर भिजविलेली कणीक थापली जाते. ती कोणाच्या घरून आणावयाची याचे वार ठरलेले आहेत. मग हातोडीनें गठ्ठे ठोकून पखवाज पेटीच्या सुराला आणणें, आणि तो नीट लागला की नाहीं यावर वाद. तंतुवाद्य नसल्यामुळें परिघट्टना तेवढी गळते. पेटीची गोष्ट निराळी. आकाशवाणीनें १९४० सालीं तिला दाराबाहेर काढलें आणि ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडलें. भजनी मंडळांनीं त्या एकतीस वर्षांत तिला एक दिवसहि अंतर दिलें नाहीं.

तालीम ही पाहण्याची वस्तु नव्हे, हें भरतानें पडदा सांगून सुचविलेंच आहे. एकच ओळ तीस-चाळीस वेळां म्हटली जाते. तिऱ्हाईताला कंटाळा येईल. पण तिसाव्या वेळीं कांहीं तरी हलतें, आणि खोलींतल्या दहाही जणांना तें एकाच क्षणीं कळतें. कोणी बोलत नाहीं. बुवा फक्त मान किंचित् वळवितात, आणि पुढची ओळ सुरू होते. हा क्षण गणपतींत, मांडवांत, शे-दोनशें श्रोत्यांसमोर येत नाहीं, असें हे सर्वजण एकमुखानें सांगतात. तेथें फक्त तो आठवावयाचा असतो.

मंडळांत एक विशीचा मुलगा आहे. टाळ त्याच्याकडे. त्याची लय पळते. ओळीच्या आरंभीं सर्वांबरोबर असलेला टाळ शेवटीं हातभर पुढें जाऊन उभा राहतो. प्रथम मला त्याचा राग येई. आयुष्यभर मुलांना पाठांतर सांगण्यांत गेलें त्याला ही खोड सहन होत नाहीं. मग समजलें की तो मोटारसायकलवरून पार्सलें वांटतो, आणि किती मिनिटांत दारीं पोंचला यावर त्याची मिळकत ठरते. दिवसभर ज्याला घाई करण्याचाच पगार, त्यानें रात्रीं आठ वाजतां घाई कोठें ठेवावी? बुवा त्याला रागें भरत नाहींत. ते पखवाज थांबवितात, सर्वांचीं वाद्यें खालीं ठेववितात, आणि हातानें टाळी देत ओळ म्हणवून घेतात. मग त्याला झांजवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसवितात. “कानानं नको ऐकू, गुडघ्यानं ऐक,” असें त्यांचें सांगणें.

तेराव्या शतकांत देवगिरीस, यादव सिंघणाच्या राज्यांत, शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकर लिहिला. त्यांत वृंदाचे, म्हणजे मिळून गाणाऱ्या-वाजविणाऱ्या समुदायाचे, सहा गुण दिले आहेत. मुख्याला अनुसरणें, एकमेकांत मिळून जाणें, तालांत लीन होऊन राहणें, तिन्ही स्थानांत पोंचण्याचें सामर्थ्य, आवाजांचें सारखेपण, हे पांच कोणीहि सांगितले असते. पण सहावा, जो त्या यादींत मध्येंच येऊन जातो, तो वेगळा: एकाचें तुटलें तर दुसऱ्यानें सांभाळून नेणें. गेल्या श्रावणांत हा गुण मीं प्रत्यक्ष पाहिला. वरच्या सुरावर बुवांचा आवाज फुटला. सत्तरी उलटलेली, दम्याची प्रकृति. क्षणार्धाचीहि फट न पडतां शेजारच्या कक्षसेवकानें ती ओळ तेथूनच उचलली, इतक्या सहज, कीं बाहेर उभ्या असलेल्याला तो मुळांतलाच फेर वाटावा. मागाहून मीं त्याचें कौतुक केलें. तो म्हणाला, “बुवांचा दम कुठं संपतो, ते आम्हांला ठाऊक आहे ना.” तें ठाऊक होण्यास नऊ वर्षें लागलीं होतीं.

याच आवारांत मागच्या बाजूस पत्र्याची एक शेड आहे, तींत बेंजो-पथकाची तालीम चालते. बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. टंकलेखन-यंत्रासारख्या कळा डाव्या हातानें दाबावयाच्या आणि उजव्या हातानें तारा छेडावयाच्या. याचें मूळ वाद्य १९१२ सालीं जपानांत नागोया येथें गोरो मोरिता यानें काढलें. आज तें विजेवर चढून गणपतीच्या मिरवणुकीपुढें चालतें. सोबत ढोलकी, ताशा, ढोल, झांजा, कीबोर्ड. मिरवणुकींत हें पथक मला ऐकवत नाहीं, हें स्पष्टच सांगतों. छातीचें हाड हलविणारें संगीत मला समजत नाहीं, आणि वयानें तें समजूं लागेल अशी आशाहि नाहीं.

पण तालमीची गोष्ट वेगळी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिवर्धकास मनाई आहे, आणि रुग्णालयाभोंवतीं शंभर मीटरपर्यंत शांतताक्षेत्र जाहीर करतां येतें. भोईवाड्यांत कोणत्याहि दिशेस शंभर मीटर मोजूं लागलें तर मधें रुग्णालय येण्याचीच भीति! शेजारच्या नव्या उंच इमारतींतून एकदां तक्रारहि गेली. मुलें चिडलीं, पण त्यांच्यांतल्या एकाचीच आई तेव्हां टाटामध्यें होती, त्यामुळें वाद फार वाढला नाहीं. तेव्हांपासून त्यांनीं तालमीपुरती वीज काढून टाकली. विजेविना बेंजो चार हातांपलीकडे ऐकूं येत नाहीं. ढोल-ताशाच्या काठ्या मोटारीच्या जुन्या टायरवर पडतात. त्या अंधुक शेडींत बारा पोरें माना वांकवून त्या किणकिणणाऱ्या वाद्याचा कानोसा घेत असतात, आणि एकमेकांना जितकें ऐकतात तितकें मिरवणुकींत वर्षभरांत ऐकत नसतील. भजनी मंडळाचीहि तीच रीत. नऊ वाजले कीं पखवाजाला गवसणी चढते, आणि पुढचा अर्धा तास बोल तोंडानें, ताल बोटांवर. फुटपाथवर मुक्काम केलेल्या रोग्यांचे नातेवाईक कधीं कधीं दाराशीं येऊन बसतात; त्यांना कोणी आंत बोलावीत नाहीं आणि उठवीतहि नाहीं.

आतां ही चाळ पडावयाची आहे. याबद्दल रडगाणें गाण्याचा मला अधिकार नाहीं. शेजारीं नायगांवच्या बी. डी. डी. चाळींत एकशें साठ चौरस फुटांच्या खोलींत तीन-तीन पिढ्यांनीं संसार केले. तेथें आतां पांचशें चौरस फुटांचें घर मिळावयाचें आहे. स्वतःचा संडास घरांत असावा असें वाटणाऱ्या सुनेला तालमीचें माहात्म्य कोणत्या तोंडानें सांगावें? परंतु नव्या इमारतींत ओटा नसतो, चौक नसतो. सभागृह असतें, आणि त्याला तासाचें भाडें असतें. ना. म. जोशी यांनीं १९११ सालीं स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगचें दामोदर नाट्यगृह येथून फार लांब नाहीं. १९२२ पासून कामगारांचीं नाटकें त्यानें पोसलीं. तेंहि २०२३ सालीं पुनर्बांधणीसाठीं बंद झालें.

मंडळांतले निम्मे लोक आधींच विरार-बदलापुराकडे राहावयास गेले आहेत. त्यांची तालीम शेवटच्या गाडीच्या वेळेवर संपते. दोघे सकाळच्या लोकलमध्यें जीं भजनी मंडळें गात जातात, त्यांत बसूं लागले आहेत. इतर उतारूंचा त्रागा बाजूस ठेवला तरी बुवांना हें पसंत नाहीं. “गाडीत गळा तयार होतो, गुरुजी, कान होत नाही. शेजारचा काय म्हणतो ते ऐकूच येत नाही. मग तो तुटला, तर उचलणार कोण?” शार्ङ्गदेवाचें नांव त्यांनीं ऐकलेलें नाहीं.

गेल्या महिन्यांत बेंजोवाल्या पोरांनीं आपण होऊन सांगितलें कीं, खोली गेली तर शेड वांटून घेऊं. शेडीचा पाडाव दुसऱ्या टप्प्यांत आहे. बुवांनीं दोन आठवडे उत्तर दिलें नाहीं. टायरच्या वासांत अभंग म्हणावयाचा, हें त्यांना रुचेना. अखेर गुरुवार ठरला: आठ ते साडेनऊ भजन, मग बेंजो. पहिल्या गुरुवारीं टाळवाला मुलगा भजन संपल्यावरहि उठला नाहीं. त्या पोरांनीं त्याच्या हातांत झांज दिली. शेडीला धड दार नसल्यामुळें पखवाज तेथें ठेवतां येत नाहीं, कोणी तरी घरीं न्यावा लागतो. सध्यां तो त्याच मुलाकडे आहे. पखवाज मागें बांधला असला म्हणजे गाडी फार सावकाश हांकावी लागते, अशी त्याची तक्रार आहे.